ट्रिप्टोफॅनचा पत्ता

एक सेंटिमीटर रुंदीचा क्वार्ट्झचा क्युव्हेट. त्यात पाण्यासारखं दिसणारं थोडंसं द्रावण. त्या द्रावणात मधमाशीच्या विषातलं एक पेप्टाइड आहे आणि लिपिडांचे बंद फुगे आहेत, एकेक साधारण १०० नॅनोमीटरचा. आता सांगायचं असं, की पेप्टाइड फुग्याला चिकटलं आहे की पाण्यातच फिरतं आहे? चिकटलं असेल तर वरवर बसलं आहे की आत शिरलं आहे?

प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर सरांनी मला हा प्रश्न दिला. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली, पेप्टाइड, लिपिड ही नावं बारावीनंतर कानावरच पडली नव्हती. हे बघायचं कशातून, तेच मला कळेना. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं करून दाखवता येत नाही, आणि फुग्याच्या ज्या पटलाबद्दल, म्हणजे लिपिडांच्या भिंतीबद्दल, बोलणं चाललं होतं त्याची सगळी जाडी पाच-सहा नॅनोमीटर. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ट्रिप्टोफॅनला विचार." आणि मला एका ताईच्या हाती सोपवून मीटिंगला गेले.

पेप्टाइडचं नाव मेलिटिन. युरोपीय मधमाशीच्या विषाच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मा वाटा याचाच असतो, आणि डंखानंतर जी आग होते तिच्यातही याचा मोठा हात. २६ अमिनो आम्लांची ही आखूड साखळी. सुरुवातीचा बराचसा भाग पाण्याला टाळणारा, शेवटची सहा आम्लं पाण्याला जवळ करणारी; एकूण धन प्रभार सहा, त्यातले चार शेवटाकडे ओळीने आलेल्या लायसिन आणि आर्जिनिनवर. रक्तातल्या तांबड्या पेशींशी गाठ पडली की पेशी फुटतात. आणि या २६ मध्ये ट्रिप्टोफॅन एकच, १९ व्या जागेवर. टायरोसिन नाही, फिनाइलॲलनिनही नाही.

या शेवटच्या गोष्टीचं ताईला इतकं कौतुक का, हे मला तेव्हा समजलं नाही. नंतर समजलं. प्रोटीनवर अतिनील प्रकाश टाकला की फ्लुओरेसन्स देणारं, म्हणजे शोषलेला प्रकाश लांब तरंगलांबीवर परत देणारं अमिनो आम्ल म्हणजे प्रामुख्याने ट्रिप्टोफॅन. एखाद्या मोठ्या प्रोटीनमध्ये अशी सहा-सात असली तर सगळ्यांचा प्रकाश एकत्र येतो, आणि कोणता कोणाचा हे वेगळं काढता येत नाही. म्हणून लोक जनुकात फेरफार करून एकच ट्रिप्टोफॅन ठेवलेली प्रोटीनं मुद्दाम तयार करतात. मेलिटिनमध्ये ती सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. येणारा सगळा प्रकाश १९ व्या जागेवरचा, दुसऱ्या कोणाचाही नाही.

आधी फुगे करायला शिकले. पीओपीसी नावाचं लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळलेलं येतं आणि उणे २० अंशाला ठेवतात. ते काचेच्या सिरिंजने घ्यायचं, कारण क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकमधलं काहीबाही आपल्याबरोबर ओढून आणतो. छोट्या चंबूत घालून नायट्रोजनच्या मंद झोताखाली फिरवत राहिलं की काचेवर लिपिडचा पातळ थर उरतो. उरलासुरला क्लोरोफॉर्म जावा म्हणून तो रात्रभर निर्वातात ठेवायचा. सकाळी बफर घालून हलवलं की तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं द्रावण होतं. एवढ्यानेच पटलं तयार झालेली असतात. कोणी बांधावी लागत नाहीत. लिपिडच्या डोक्याला पाणी हवं असतं, दोन शेपट्यांना नको असतं, म्हणून रेणू आपोआप दुहेरी थरात उभे राहतात आणि थर कडा जोडून बंद होतो. ॲलेक बँगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनवर काम करून दाखवलं होतं की असे थर आयनांना आत अडवून धरतात. खऱ्या पेशीचा सगळा गुंता बाजूला ठेवून फक्त पटल हातात घेता येऊ लागलं ते तिथून.

पण या धुवणातले फुगे लहानमोठे, आणि बरेचसे एकात एक अडकलेले. ते द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे, कोमट पाण्यात वितळवायचे, असं काही वेळा करायचं, आणि मग १०० नॅनोमीटरची भोकं असलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चकतीतून दाबून काढायचे. चकतीच्या दोन बाजूंना दोन काचेच्या सिरिंज. इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत राहायचं. फेऱ्या विषम संख्येच्या हव्यात, म्हणजे शेवटी माल पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो आणि चकती न ओलांडलेला एखादा थोराड फुगा त्यात मिसळत नाही. पहिल्या काही फेऱ्यांना अंगठा दुखतो, मग दाब कमी लागू लागतो आणि द्रावण निवळतं. उजेडात धरलं तर त्यात किंचित निळसर झाक दिसते. ती झाक पाहून मला फार बरं वाटलं. आकाश निळं का दिसतं याचं जे गणित मी शिकले होते तेच इथे लागू होतं, म्हणजे या खोलीत मी अगदीच परकी नव्हते.

मग फ्लुओरोमीटर. २९५ नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडायचा आणि काटकोनात उभं राहून, म्हणजे यंत्राने उभं राहून, कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश बाहेर येतो ते मोजायचं. नुसतं बफर घातलं होतं. त्यात पेप्टाइड नाही, लिपिड नाही. तरी पडद्यावर ३२८ च्या जवळ एक स्वच्छ उंचवटा. मी क्युव्हेट धुऊन आणला. उंचवटा तिथेच. बफर नवीन केलं, पाणी दुसऱ्या यंत्रातून आणलं. तरी तिथेच. ताई बाजूच्या टेबलावरून बघत होती. ती म्हणाली, "आत जाणारा प्रकाश २९० कर बघू." केला. उंचवटा सरकून ३२२ वर आला.

"हे रामन," ती म्हणाली.

मला क्षणभर काही सुचेना. मग कागद घेऊन गणित केलं. २९५ नॅनोमीटर म्हणजे प्रति सेंटिमीटर ३३,९०० तरंग. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध कंप पावतो त्याचे साधारण ३,४०० वजा केले. उरले ३०,५००. उलट करून नॅनोमीटर काढले तर ३२८. २९० साठी केलं तर ३२२. फ्लुओरेसन्सचं शिखर आत जाणारा प्रकाश थोडा बदलला तरी सहसा जागा सोडत नाही. विखुरलेला प्रकाश मात्र त्याच्याबरोबर सरकतो. दोघांमधला फरक ओळखायची ही खूण.

दर २८ फेब्रुवारीला आमच्या शाळेत विज्ञान दिनाची प्रभातफेरी निघायची. १९२८ साली त्या दिवशी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या कामाचं फळ हाती आलं, १९३० मध्ये नोबेल मिळालं, हे मी भाषणात पाठ म्हटलेलं आहे. एम.एस्सी.ला ऊर्जापातळ्यांची आकृती काढून गुण मिळवले आहेत. पण रामन परिणाम साध्या पाण्यात, रोजच्या यंत्रावर, कोणी न बोलावता समोर येऊन उभा राहतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि तो उभा राहतो तो नेमका अडचणीच्या जागी: पटलाला चिकटलेल्या ट्रिप्टोफॅनचं शिखर ३३० ते ३४० मध्ये येतं. म्हणून नुसत्या बफरचा वर्णपट, नुसत्या फुग्यांचा वर्णपट, आणि मग पेप्टाइडसह वर्णपट. आधीचे वजा केल्याशिवाय शेवटच्याला काही अर्थ नाही. नवख्या माणसाला ही वजाबाकी कंटाळवाणी वाटते. मला ती आता प्रयोगाचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटते.

नुसत्या बफरमध्ये मेलिटिनचं शिखर ३५० च्या आसपास आलं. मग मायक्रोपिपेटने थोडे फुगे घातले, थांबले, वर्णपट घेतला. पुन्हा थोडे, पुन्हा वर्णपट. शिखर डावीकडे सरकू लागलं. ३४६, ३४२... सरकता सरकता ३३५ च्या जवळ येऊन थांबलं, आणि त्यानंतर कितीही फुगे घातले तरी तिथेच राहिलं. उंचीही वाढली होती.

"चिकटलं," ताई म्हणाली.

पंधरा नॅनोमीटरच्या सरकण्यावरून हिला हे कळलं कसं? या प्रश्नापाशी मी बराच काळ अडकले, आणि तो मला अजूनही या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. ट्रिप्टोफॅनच्या वलयाने प्रकाश शोषला की त्यातला विद्युतभार वेगळ्या तऱ्हेने वाटला जातो, त्याचा द्विध्रुव वाढतो. भोवती पाण्याचे रेणू असतील तर ते या नव्या द्विध्रुवाकडे वळून बसतात. पाण्यात हे वळणं काही पिकोसेकंदांत उरकतं, आणि ट्रिप्टोफॅन प्रकाश परत द्यायला काही नॅनोसेकंद घेतं; म्हणजे वळून बसायला पाण्याला भरपूर सवड मिळते. वळण्यात ऊर्जा खर्च होते, म्हणून परत येणारा प्रकाश कमी ऊर्जेचा, लांब तरंगलांबीचा. पाणी नसेल तर हा खर्च होत नाही आणि शिखर अलीकडेच राहतं. म्हणजे यंत्र पेप्टाइडबद्दल काहीच सांगत नव्हतं. ट्रिप्टोफॅनच्या वलयाभोवती वळू शकणारं पाणी किती आहे, एवढंच ते सांगत होतं. "चिकटलं" हा त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष. माझा गोंधळ सुटू लागला तो इथून. प्रत्येक मोजमापाकडे बघताना, हे नेमकं कशाचं उत्तर आहे असं मी विचारायला लागले.

सीडीचंही, म्हणजे सर्क्युलर डायक्रोइझमचंही, तसंच. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश डावा आणि उजवा अशा दोन प्रकारचा; पेप्टाइड त्यातला कोणता किती जास्त शोषतं हे ते यंत्र मोजतं. विरळ द्रावणात एकटं असलेलं मेलिटिन विस्कळीत असतं आणि वर्णपट २०० च्या खाली एकदा बुडी मारतो. फुगे घातल्यावर २०८ आणि २२२ ला दोन बुड्या दिसल्या, म्हणजे साखळीने हेलिक्सचा आकार घेतला. पण ते कुठे बसलं आहे याबद्दल सीडी गप्प. इथे बफरही वेगळं लागतं, कारण क्लोराइड २०० च्या खालचा प्रकाश स्वतःच गिळतं. नेहमीचं मिठाचं बफर बाजूला ठेवून फॉस्फेट घ्यावं लागलं.

इथवर सगळं एका दिशेने चाललं होतं. मग सर म्हणाले की फुग्यांमध्ये पीओपीजी मिसळ. पीओपीसीच्या डोक्यावर धन आणि ऋण दोन्ही प्रभार असल्याने एकूण बेरीज शून्य. पीओपीजीवर निव्वळ ऋण प्रभार. मेलिटिनवर धन प्रभार सहा. जास्त घट्ट चिकटणार हे उघड होतं, आणि तसंच झालं: पूर्वीपेक्षा कमी लिपिड घालूनच शिखर सरकून थांबलं.

मग गळतीचा प्रयोग. फुगे करतानाच त्यांच्या पोटात कॅल्सीन हा रंग ७० मिलिमोलर इतका दाट भरायचा. एवढ्या दाटीत कॅल्सीनचे रेणू एकमेकांचाच प्रकाश मालवतात. बाहेर राहिलेला रंग सेफाडेक्सच्या स्तंभातून वेगळा काढायचा. आता फुगा फुटला किंवा त्याला भोक पडलं की रंग बाहेर येऊन विरळ होतो आणि ५२० च्या आसपास लख्ख चमकतो. शेवटी ट्रायटन हा डिटर्जंट घालून सगळे फुगे विरघळवायचे. ती चमक म्हणजे शंभर टक्के गळती. साध्या पीओपीसीच्या फुग्यांत मेलिटिन घातल्याबरोबर रेघ उभी वर गेली. पीओपीजी मिसळलेल्या फुग्यांत ती जेमतेम चढली.

घट्ट धरलं आणि फोडलं मात्र कमी. माझ्या डोक्यात हे बसेना. विष जितकं जास्त चिकटेल तितकं जास्त नुकसान करेल, हेच मी धरून चालले होते. मेलिटिन खराब झालं असेल म्हणून नवीन कुपी उघडली, तेच. ताईने एक शोधनिबंध माझ्या टेबलावर ठेवला. १९९७ चा, बायोकेमिस्ट्री या नियतकालिकातला, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाचा. विषय तंतोतंत माझाच: ऋण प्रभाराची लिपिडं मेलिटिनच्या फोडण्याला आवर घालतात, तर अशा पटलात त्याच्या एकुलत्या ट्रिप्टोफॅनभोवती काय वेगळं असतं?

त्यांनी वापरलेली युक्ती समजायला मला पाण्याच्या वळण्याकडे पुन्हा जावं लागलं. पटलाच्या काठावरचं पाणी मोकळ्या पाण्यासारखं चटकन वळत नाही. लिपिडांच्या डोक्यांमध्ये ते अडकलेलं असतं आणि वळायला त्याला जवळजवळ ट्रिप्टोफॅनच्या प्रकाश देण्याइतकाच वेळ लागतो. अशा जागी, आत सोडायच्या प्रकाशाची तरंगलांबी वाढवत शोषणाच्या अगदी लाल काठापर्यंत नेली, तर ज्यांच्या भोवतीचं पाणी योगायोगाने आधीच वळलेलं आहे तेवढीच ट्रिप्टोफॅनं निवडून उत्तेजित होतात आणि शिखर उजवीकडे सरकतं. मोकळ्या पाण्यात असं सरकणं होत नाही. म्हणजे आत सोडलेला प्रकाश बदलला की शिखर बदलतं, ते पाणी अडकलेलं असलं तरच. रामनच्या उंचवट्यावरून मी जो नियम शिकले होते त्यालाच हा एक मोठा अपवाद, आणि त्या अपवादात इतकी माहिती! त्यांच्या मोजणीत साध्या लिपिडांवर हे सरकणं ५ नॅनोमीटर होतं; ऋण प्रभाराच्या पटलात ते २ ते ३ वर आलं. चिकटलेलं दोन्हीकडे, पण १९ व्या जागेच्या आसपासची परिस्थिती दोन्हीकडे सारखी नाही.

ट्रिप्टोफॅन पटलात किती खोल आहे हे मोजायला आणखी एक पद्धत आहे, तीही याच चट्टोपाध्याय यांनी अर्विन लंडन यांच्याबरोबर १९८७ मध्ये मांडलेली. काही लिपिडांना शेपटीच्या वेगवेगळ्या उंचीवर स्पिन-लेबल लावलेलं मिळतं; हे लेबल जवळच्या ट्रिप्टोफॅनचा प्रकाश मालवतं. वरच्या लेबलने किती मालवला आणि खालच्या लेबलने किती, या दोन आकड्यांवरून ट्रिप्टोफॅन पटलाच्या मध्यापासून किती दूर आहे हे काढता येतं. निव्वळ उजेड कमी होण्यावरून नॅनोमीटरच्याही दशांशातलं अंतर! मी हे वाचून त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही.

पाठ्यपुस्तकातल्या पटलाच्या चित्राबद्दल माझी तक्रार आहे. गोल डोक्यांच्या दोन रांगा, मधे सरळ शेपट्या, आणि पाणी कुठे संपतं ते दाखवणारी स्वच्छ रेघ. ते चित्र मनात असलं की पेप्टाइड एकतर आत असतं नाहीतर बाहेर, आणि माझे सगळे निकाल त्या दोन खान्यांत बसेनात. क्ष-किरण आणि न्यूट्रॉन वापरून स्टीफन व्हाइट यांच्या गटाने द्रव अवस्थेतल्या पटलाची जी रचना काढली, तिच्यात मधला तेलकट भाग सुमारे ३ नॅनोमीटर आणि दोन्ही बाजूंचे काठ प्रत्येकी सुमारे दीड नॅनोमीटर. म्हणजे दोन काठ मिळून मधल्या भागाएवढेच जाड. त्या दीड नॅनोमीटरमध्ये पाणी, डोकी, शेपट्यांचा वरचा भाग, सगळं मिसळलेलं असतं, आणि एक हेलिक्स त्यात आडवा सहज मावतो. विम्ली आणि व्हाइट यांनी १९९६ मध्ये वीसही अमिनो आम्लांना हा काठ किती मानवतो याचे आकडे दिले. सर्वांत जास्त तो ट्रिप्टोफॅनलाच मानवतो. हे चित्र शाळेतच का दाखवत नाहीत? ऋण प्रभाराच्या पटलात मेलिटिन या काठावर विद्युत ओढीने आडवं जखडलं जातं आणि भोक पाडायला लागणारी हालचाल त्याला करता येत नाही, हे स्पष्टीकरण दोन खान्यांच्या चित्रात मांडताच येत नाही. काठाला जाडी आहे हे पटल्यावर ते लगेच समजतं. तांबड्या पेशीच्या पटलाच्या बाहेरच्या बाजूला निव्वळ ऋण प्रभाराची लिपिडं जवळपास नसतात, आणि विष तिथे इतकं परिणामकारक का, हेही.

आता माझ्यापुढे कोलेस्टेरॉल आहे. पीओपीसीत ते मिसळलेल्या फुग्यांत मेलिटिनच्या ट्रिप्टोफॅनचं शिखर पूर्वीइतकं सरकत नाही. याचे दोन अर्थ होऊ शकतात: कमी पेप्टाइड चिकटलं आहे आणि उरलेलं पाण्यातून ३५० ला प्रकाश देतं आहे, किंवा सगळं चिकटलं आहे पण उथळ बसलं आहे. एका वर्णपटावरून हे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. सरांना विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, "तूच सांग, काय करशील?" आधी लिपिड वाढवत न्यायचं, शिखर पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे पाण्यात कोणी शिल्लक नाही अशी खात्री होईल. मग त्याच क्युव्हेटमध्ये ॲक्रिलामाइड घालायचं. ते पाण्यात राहतं आणि पाण्याच्या आवाक्यात असलेल्या ट्रिप्टोफॅनचाच प्रकाश मालवतं. उथळ बसलेलं असेल तर जास्त मालवला जाईल. त्यानंतर लाल काठाची मोजणी. सर म्हणाले, "आणि ब्लँक?" मी म्हटलं, कोलेस्टेरॉलच्या फुग्यांचा वेगळा, ॲक्रिलामाइडसहित, कारण २९५ ला ॲक्रिलामाइड स्वतःही थोडा प्रकाश शोषतं आणि ती दुरुस्ती केल्याशिवाय आकडे वाचता येणार नाहीत. लिपिडचा थर काल रात्री निर्वातात ठेवला आहे.